परभणीत घरी मऊ पाव: डिसेंबर ते एप्रिलच्या नोंदी

आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, उरलेसुरले सहा दात दिवाळीनंतर काढले. हिरड्या नीट बसल्याशिवाय कवळीचं माप घ्यायचं नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं. तोवर रोज ज्वारीची भाकर वरणात कुस्करून खायची. महिनाभरात त्या कंटाळल्या. विकतचा पाव आणला तर आज मऊ, उद्या वातड, आणि कधीकधी आणतानाच वातड. म्हणून घरीच करून बघायचं ठरवलं.

केक-बिस्किटं मी बरीच वर्षं करते, पण यीस्ट कधी हाताळलं नव्हतं. घरात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे आणि केकचा नऊ इंची चौकोनी ॲल्युमिनियमचा डबा. वजनकाटा नव्हता. जे घडलं ते वहीत लिहीत गेले, तेच इथे उतरवते.

७ डिसेंबर

पहिला घाणा. अडीच कप मैदा, एक कप दूध, दोन मोठे चमचे साखर, लोणी, मीठ, एक लहान चमचा यीस्ट. यीस्ट केकचं सामान मिळतं त्या दुकानातून १०० ग्रॅमची पुडी, ९० रुपये. कृतीत लिहिलं होतं, कोमट दुधात यीस्ट विरघळवा. दूध गॅसवरून उतरवलं, बोट घालून बघितलं, बरं वाटलं, यीस्ट टाकलं. दहा मिनिटांनी फेस यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं हळूहळू येईल, म्हणून तसंच मळून ठेवलं.

तीन तासांनी गोळा होता तेवढाच. तरी भाजला. आत्याबाईंनी हातात घेऊन ओट्यावर आपटला, आवाज आला. "पाव हाय का दगुड?" एवढंच म्हणाल्या.

अर्ध्या किलोहून जास्त मैदा-दूध-लोणी वाया गेलं आणि एक रविवार गेला.

८ डिसेंबर

यीस्ट मेलेलं होतं की मी मारलं, हे आधी कळायला हवं. पुतण्या इथल्याच कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकतो. त्याच्याकडून टोकदार सळईचं डिजिटल थर्मामीटर चार दिवसांसाठी मागून घेतलं. (अजून परत दिलेलं नाही. तो आठवण करून देतो, मी पाव देते.)

दोन वाट्यांत पाणी आणि चिमूटभर साखर. एकीत ३८ अंशाचं पाणी, दुसरीत "बोटाला बरं वाटतं" ते काल केलं तसं. दुसऱ्या वाटीत थर्मामीटर बुडवलं तर ६२. पहिल्या वाटीला दहा मिनिटांत फेस चढला, दुसरीत यीस्ट तळाशी चिखलासारखं बसलं. म्हणजे दुकानदार निर्दोष. पंचावन्न-साठ अंशांपुढे यीस्ट मरतं. रोज गरम पोळी आणि वाफेची भांडी हाताळणाऱ्या बाईच्या बोटाला बासष्ट हे कोमटच वाटतं. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी बोट नव्हे, मनगटाची आतली बाजू वापरावी. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली बघतात तशी. तिथे गरमही नाही आणि गारही नाही असं वाटलं की पुरे.

१४ डिसेंबर

दूध ३७ अंशांवर. फेस आला. मळलं, झाकून ओट्यावर ठेवलं. कृतीत लिहिलं होतं, "एक तासात दुप्पट होईल." ती ज्यांनी लिहिली त्यांनी परभणीची डिसेंबरची सकाळ बघितलेली नसणार. स्वयंपाकघरात १६ अंश होते. एका तासात गोळ्याने हालचाल केली नाही, तेव्हा भांडं उचलून गच्चीवर उन्हात नेलं, वर जुन्या धोतराचं फडकं. दोन तासांनी फुगलेलं दिसलं खरं, पण वरची साल वाळून पापडासारखी कडक झाली होती. ती आत मिसळली तर गुठळ्या, काढून टाकली तर चौथा भाग कमी. मी मिसळली. गुठळ्या भाजल्यावरही तशाच राहिल्या.

पाव मात्र पहिल्यांदाच पावासारखे दिसले. कडक, पण आत भोकं होती.

२१ डिसेंबर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, माहेरी, लातूरकडे जाऊन आले. शेतातल्या कोपीपुढे बसून भज्जी आणि बाजरीचे उंडे खाल्ले, आंबील प्याले. आंबिलीचं मडकं आई रात्रभर चुलीजवळ ठेवते, चुलीवर नाही. ते बघून ओटीजीच डोक्यात आला. आज ओटीजी बंद ठेवून आत उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं, शेजारी पिठाचं भांडं, त्यावर ताट. आतलं तापमान २८ ते ३० राहिलं. तासाभराने पाणी एकदा बदललं. पहिली फूग एक तास पन्नास मिनिटं, पाव वळल्यावर दुसरी पन्नास मिनिटं. साल वाळली नाही.

थंडीचा प्रश्न इथे सुटला. पण पाव अजून जडच. गरम असताना बरा, गार झाला की चावायला दात लागतात. ज्यांच्यासाठी करायचा त्यांना तेच नाहीत.

२८ डिसेंबर

मागच्या घाण्यातले सहा पाव फ्रिजमध्ये ठेवले होते, टिकावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी लाकूड. पुतण्या हसला. म्हणाला, "काकू, पाव शिळा व्हायला फ्रिजएवढी चांगली जागा दुसरी नाही." गार जागेत शिजलेलं स्टार्च पुन्हा आवळतं. भाताचंही तेच होतं, सकाळचा भात फ्रिजमधून काढला की टोचतो तसा. ठेवायचेच तर बाहेर, कापडात, डब्यात, दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचे तर थेट बर्फाच्या कप्प्यात. फ्रिजमधला कडक झालेला पाव तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकला तर परत मऊ होतो, पण तेवढ्यापुरताच.

४ जानेवारी

वजनकाटा घेतला, ३८० रुपये. हाच पैसा पहिल्या दिवशी खर्च केला असता तर महिना वाचला असता.

एक कप मैदा मी कसा भरते ते मोजलं. चमच्याने सैल भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून काढला तर १५०. मी खुपसते. अडीच कपांमागे ७५ ग्रॅम तिथेच वाढले. त्यात मळताना हाताला चिकटलं की चिमूट-चिमूट कोरडं पीठ लावत होते ते वेगळं. आज डब्यातला मैदा आधी आणि नंतर मोजला: मळून, वळून होईपर्यंत ६८ ग्रॅम कोरडा मैदा नुसता हाताने गेला होता. एवढ्या सगळ्यात दूध तेवढंच. दगुड न होईल तर काय?

पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्यावर हाताला वळण पडतं. पीठ चिकटलं की दुसरा हात आपोआप पिठाच्या डब्यात जातो, डोक्याला विचारत नाही. आज ठरवून डबा कपाटात ठेवला, तर मध्येच उठून कपाट उघडलं.

शिवाय ओव्हनचं थर्मामीटर मागवलं होतं, ४५० रुपये, तेही आलं. डायल १८० वर, दिवा विझला, म्हणजे तापला असं आजवर धरत होते. आत बघितलं तर १५०. म्हणून पाव बावीस मिनिटांत रंग धरत नव्हते, मी पस्तीस मिनिटं ठेवत होते आणि ते आत वाळत होते. आता डायल २१० वर, वीस मिनिटं रिकामा तापवते, तेव्हा आत १८५ येतात. तुमच्या ओव्हनचा आकडा वेगळा असेल.

११ जानेवारी

घरात वाद. हे म्हणाले, रोज मैदा नको, गव्हाचं कर. गिरणीतून आणलेल्या कणकेचे केले, चाळणीने चाळून. फुगले निम्मेच, कुरकुरीत कोंड्याचे चौकोन झाले. कोंडा पिठाची ओढ तोडतो आणि पाणीही पीत राहतो, मळून झाल्यावरसुद्धा. पुन्हा केले तेव्हा एक भाग कणीक, तीन भाग मैदा आणि २० ग्रॅम दूध जास्त. तेवढं चालतं. पूर्ण गव्हाचे मऊ पाव ज्यांना जमतात त्यांना नमस्कार. मला पोळी जमते.

१४ जानेवारी

संक्रांत. भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, गूळपोळ्या. पाव नाही.

३ फेब्रुवारी

तुराबुल हक दर्ग्याचा उरूस सुरू आहे. तिकडे बेकरीच्या मालाच्या एका दुकानावर म्हातारे कारागीर बसले होते, गिऱ्हाईक कमी होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मीही म्हटलं आणि सरळ विचारलं की माझे पाव मऊ का होत नाहीत. त्यांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "चपाती बनाते ना तुम?" हो म्हटलं. "वोइच. पीठ हात कू चिपकना मंगता, बाई. नै चिपका तो पाव नै, पत्थर. सूखा पीठ नक्को मारो. तेल लगाव हात कू."

मग भट्टीच्या गोष्टी सांगत बसले. रात्री पीठ टाकायचं, पहाटे भट्टी लावायची, थंडीत खमीर जास्त, उन्हाळ्यात अगदी कमी. किती कमी, ते विचारलं तर चिमटीने दाखवलं. हा चिमटीचा हिशोब मला एप्रिलमध्ये आठवला, उशिरा.

परत येताना ह्यांनी "जगात जर्मनी, भारतात परभणी" ऐकवलं. जर्मन लोक शेकडो प्रकारचे पाव करतात म्हणे. मला एक जमला तरी पुरे.

८ फेब्रुवारी

३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम दूध. मळायला घेतलं आणि घाबरले. परातीला, बोटांना, बांगड्यांना, सगळीकडे चिकटलं. बांगड्या काढून ठेवाव्यात, हे कुणीच लिहीत नाही. पाच मिनिटं तसंच ओढत राहिले. फेकून द्यावं इथपर्यंत आले होते.

आत्याबाई दारात बसून बघत होत्या. "काय करायलीस? मारायलीस कामून त्याला? पुरणाच्या पोळीची कणीक तिंबतीस न्हाई का, तशी तिंब. अन् घडीभर सोडून दे त्याला."

बरोबर होतं. पुरणपोळीची कणीक मी कधीच घट्ट भिजवत नाही. सैल भिजवते, झाकून ठेवते, मग तेलाच्या हाताने तिंबते, उचलून आपटते, तार येईपर्यंत. तिला मी कधी कोरडं पीठ लावत नाही. म्हणजे हाताला येत होतं. मी उगाच पावाला पोळीच्या खात्यात टाकलं होतं, तो पुरणपोळीच्या खात्यातला.

वीस मिनिटं झाकून ठेवलं. काही न करता निम्मा चिकटपणा गेला. मग लोणी घालून बारा मिनिटं तिंबलं: ओढायचं, दुमडायचं, ओट्यावर आपटायचं. लोणी घातल्या घातल्या सगळं फाटल्यासारखं, घसरड्या चिखलासारखं होतं. तिथे थांबू नये, तीन-चार मिनिटांत परत जुळतं. शेवटी थोडं पीठ बोटांवर ताणलं तर पलीकडचा उजेड दिसेल एवढा पातळ पडदा आला, फाटला नाही. बस, एवढीच परीक्षा.

पाव वळतानाही पोळीची सवय सोडावी लागली. ओट्यावर पीठ भुरभुरलं की गोळा घसरतो, आवळला जात नाही. कोरड्या ओट्यावर, तळहाताची वाटी करून, गोळा थोडा चिकटत चिकटत फिरवला की वरची कातडी ताणून बसते आणि पाव वर फुगतो, आडवा पसरत नाही.

भाजल्यावर पहिल्यांदा पाव एकमेकांपासून सोडवताना रेषा निघाल्या, कापसासारख्या. आत्याबाईंनी बोळक्या तोंडाने अर्धा खाल्ला, काही न बुडवता. "आज जमलंय." पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा कोरडे. दूध अजून वाढवलं तर वळताच येत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकर थापताना कडेने चिरते. तेव्हा आत्याबाई पिठाला आधण देतात: उकळतं पाणी ओतून, चमच्याने कालवून, मग मळतात. पीठ चिकटा धरतं आणि भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. कालच्या कोरड्या पावावरून त्या म्हणाल्या, "मग ह्यालाबी आधण दे की."

मी म्हटलं, सगळ्या मैद्याला दिलं तर त्याची ताणच जाईल, भाकरीला ताण लागत नाही म्हणून तिथे चालतं. पण थोड्याला देऊन बघायला काय हरकत आहे? पुतण्याला विचारलं तर म्हणाला, जपान-चीनकडे मऊ पावाला हेच करतात: पिठाच्या पाचपट पाणी घालून ६५ अंशांपर्यंत शिजवायचं. आपण पतंगाला करायचो ती खळच की! शिजलेलं पीठ कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतं आणि सोडत नाही. म्हणजे पाणी जास्त जातं, पण हाताला चिकटत नाही.

१५ ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम पाणी, लहान कढईत मंद आचेवर ढवळत. चमचा फिरवला की मागे वाट उमटली तेव्हा उतरवलं. पहिल्यांदा बोलत बसले तर गुठळ्या झाल्या, टाकून दिलं, पुन्हा केलं. दहा मिनिटांचं नुकसान. खळ पूर्ण गार होऊ द्यावी. कोमट असतानाच घातली तर पीठ लवकर तापतं.

सोमवारी सकाळी डबा उघडला, पाव दाबला, परत वर आला. मंगळवारीही. मंगळवारी संध्याकाळी शेवटचा होता.

आता ठरलेलं प्रमाण, बारा पावांचं:

खळीसाठी १५ ग्रॅम मैदा आणि ७५ ग्रॅम पाणी. मैदा २८५ ग्रॅम, तापवून गार केलेलं दूध १४० ग्रॅम, साखर २४, मीठ साडेपाच, यीस्ट ३ (सपाट लहान चमचा), लोणी ३०. मळून झालेल्या पिठाचे बारा गोळे, प्रत्येकी साधारण ४७ ग्रॅम, डब्यात तीन बाय चार. १८५ अंशांवर वीस-बावीस मिनिटं. मधल्या पावात थर्मामीटर खुपसलं तर ९० आलं पाहिजे. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी आणि लगेच सुती फडकं झाकायचं, आतली वाफ वरच्या सालीला मऊ करते. पहिले दोन महिने मी गार होईपर्यंत उघडे ठेवत होते, केकच्या सवयीने.

दुधाबद्दल एक. परदेशी कृतींत दूध आधी उकळीच्या जवळ न्या असं वेगळं सांगतात, कच्च्या दुधातले काही घटक पिठाची ओढ ढिली करतात म्हणून. आपल्याकडे दूध आल्यावर तापवतातच, तेव्हा ती पायरी होऊन गेलेली असते. साय काढून घ्यावी. मी एकदा सायीसकट घातलं आणि वजन चुकलं.

बोअरच्या पाण्यावर शंका होती, आमचं जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. एका घाण्याची खळ बोअरच्या पाण्याची, एका घाण्याची फिल्टरच्या. मला फरक कळला नाही. आत्याबाईंनाही नाही.

२२ फेब्रुवारी

ज्वारीच्या पिठाची खळ करून बघितली, बाकी मैदाच. ६५ अंशांवर ती पातळच राहिली, पार ऐंशीच्या जवळ नेल्यावर दाटली. पाव मैद्याच्या खळीएवढा उंच झाला नाही, पण वास भाकरीसारखा, खरपूस. ह्यांना आवडला. कणकेचा वाद मिटला, असं मी समजते.

८ मार्च

पाव ओव्हनमध्ये गेले आणि नवव्या मिनिटाला लाईट गेली. वाट बघू म्हणून पाच मिनिटं दार बंद ठेवलं. पाव मधून बसायला लागले. घाईत मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर जाळी, त्यावर डबा, वर झाकण, मध्यम आचेवर अर्धा तास. खालून करपले, वरून पांढरेफटक. मग आडवे कापून, करपलेला तळ काढून टाकून, तव्यावर लोणी लावून भाजले आणि ठेच्याबरोबर खाल्ले. वाईट लागले नाहीत. पण आता पातेलं दुसऱ्या शेगडीवर आधीच तापवून ठेवते. गार पातेल्यात डबा ठेवणं ही चूक होती: पातेलं तापतं तोवर पाव बसतात.

२९ मार्च

स्वयंपाकघर ३६ अंश. हिवाळ्याचंच प्रमाण, हिवाळ्याचंच घड्याळ. पीठ झाकलं आणि पंख्याखाली आडवी झाले. तासाभराने उठले तर ताट उचललं गेलेलं, पीठ भांड्याबाहेर, मधून खचलेलं, वास ताडीसारखा. तरी वळायला घेतलं. गोळा ताण धरेना, लोणी वितळून ओट्यावर ओघळ. भाजले तर वरून चपटे, आत मोठी मोठी भोकं, चवीला आंबूस. आणि रंग चढेना, कारण यीस्टने साखर खाऊन टाकलेली.

चाचांची चिमूट इथे आठवली.

५ एप्रिल

काही बदल केले. यीस्ट निम्मं. माझा काटा दीड ग्रॅम नीट दाखवत नाही, म्हणून सपाट चमचा भरून कागदावर ओतते आणि सुरीने मधून दोन भाग करते. खळ आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये. दूध थेट फ्रिजमधलं. हे यीस्ट बारीक दाण्याचं आहे, विरघळवायला लागत नाही, कोरड्या मैद्यातच मिसळलं. (डिसेंबरातली दूध कोमट करायची सगळी कसरत गरजेची नव्हतीच.) आणि मळायचं सकाळी साडेसहाला, कुलरसमोर.

मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसते. मागच्या रविवारच्या पद्धतीने केलं असतं तर ते तेहतीसच्या पुढे गेलं असतं. आज २७. मग भांडं ओल्या गोणपाटावर, वर ओलं फडकं पिळून, कुलरच्या वाऱ्यात. माठ गार राहतो त्याच हिशोबाने. आपली हवा कोरडी असल्यामुळे हे चालतं. जूनमध्ये पाऊस पडला की चालणार नाही. फडक्याच्या खाली ताट ठेवावं, फडकं पिठाला लागलं तर चिकटून बसतं.

पहिली फूग सव्वा तास. पण मी आता घड्याळ लावत नाही. पीठ लावलेलं बोट गोळ्यात खुपसते. खड्डा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धा भरला तर झालं, अजिबात भरला नाही तर उशीर झाला.

रात्री फ्रिजमध्ये फुगवून सकाळी भाजायचा प्रयोग दोनदा केला. एकदा चांगला झाला. दुसऱ्यांदा पहाटे तीन तास लाईट नव्हती, पीठ फ्रिजच्या दारापर्यंत आलं.

१२ एप्रिल

नणंदेच्या घरची मंडळी, अकरा माणसं. तीन घाणे, छत्तीस पाव, सोबत काळ्या मसाल्याची वाटाण्याची उसळ. तिन्ही घाणे एकदम मळले ही चूक. डबा एकच, ओव्हन एकच, तिसऱ्या घाण्याची पाळी येईपर्यंत तो उतू जायला आलेला. पुढच्या वेळी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने मळेन. तिसऱ्या घाण्याचे पाव मुलांनी खाल्ले, त्यांना कळलं नाही.

आजवरचा हिशोब: काटा ३८०, ओव्हनचं थर्मामीटर ४५०, यीस्ट ९०, बाकी मैदा, दूध, लोणी मिळून सातशेच्या आसपास. म्हणजे सोळा-सव्वासोळाशे. आता एका घाण्याला वीज धरून पन्नास-पंचावन्न रुपये पडतात, बारा पाव. विकतच्यापेक्षा स्वस्त नाहीत.

१९ एप्रिल

बुधवारी आत्याबाईंची कवळी बसली. पहिले दोन दिवस ती वाटीतच होती, टोचते म्हणून. शुक्रवारी डॉक्टरांनी घासून दिली. आज सकाळी मी लोणी मऊ करायला बाहेर काढून ठेवलं होतं. त्या आल्या, परात बघितली आणि म्हणाल्या, "ते राहू दे आज. भाकर कर. कडक पापुद्र्याची. अन् सोबत येसराची आमटी."

केली. दीड भाकर खाल्ली, कडा मोडून, आवाज करत.

लोणी परत फ्रिजमध्ये ठेवलं. यीस्ट अजून चाळीस ग्रॅमच्या आसपास उरलंय, बरणीत घट्ट झाकण लावून बर्फाच्या कप्प्यात. संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, कालचे दोन होते ते कुठे आहेत म्हणून.